‘गोळी नको’ म्हणणाऱ्या पेशंटसमोर

मनोविकार वॉर्डात डॉक्टरांचा राऊंड सकाळी होतो. उरलेला दिवस आणि सगळी रात्र परिचारिकेची असते. पेशंट जेवला का, झोपला का, कोणाशी बोलला, गोळी गिळली की गालात धरून ठेवली, हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. त्यामुळे नैतिकतेचे म्हणून जे प्रश्न पाठ्यपुस्तकात शेवटच्या प्रकरणात येतात, ते प्रत्यक्षात संध्याकाळी औषधांच्या ट्रॉलीपाशी उभे राहतात, आणि मागे आणखी चाळीस पेशंट रांगेत असतात. हा लेख येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत, जिल्हा रुग्णालयांच्या मनोविकार कक्षांत आणि खासगी रुग्णालयांत काम करणाऱ्या, त्यातही नुकत्याच रुजू झालेल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी आहे.

आपल्या हाताशी एक भक्कम आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून देशभर लागू झाला. त्याची कलमं वाचताना तो कोर्टकचेरीचा विषय वाटतो. पण नीट पाहिलं तर त्यातली निम्मी कामं डॉक्टर करत नाहीत, परिचारिका करते. म्हणून तो आपण वाचलाच पाहिजे, आणि वाचायला सुरुवात कलम ४ पासून करावी असं मी सांगेन.

हे कलम निर्णयक्षमतेबद्दल आहे. त्यात पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. उपचाराबद्दल दिलेली माहिती पेशंटला समजते का? उपचार घेतला तर काय होईल आणि नाही घेतला तर काय होईल, याचा अंदाज त्याला येतो का? आपला निर्णय तो बोलून, खुणेने, हावभावाने, कसाही सांगू शकतो का? आणि याच कलमात पुढे जे म्हटलं आहे ते प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लावावं इतकं महत्त्वाचं आहे: पेशंटचा निर्णय इतरांना चुकीचा किंवा अयोग्य वाटला, एवढ्यावरून त्याच्याकडे निर्णयक्षमता नाही असं ठरवता येत नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. पेशंटने ‘हो’ म्हटलं की त्याला सगळं कळतं, आणि ‘नको’ म्हटलं की त्याला इनसाइट नाही. सही करताना शहाणा आणि नकार देताना वेडा, असा हा हिशेब आहे. तो मोडायला हवा. निर्णयक्षमता ही एका वेळेपुरती आणि एका निर्णयापुरती असते. ज्या माणसाला आज औषधाबद्दल ठरवता येत नाही, त्याला आज काय खायचं, कोणाला फोन करायचा, कोणाला भेटायचं नाही, हे ठरवता येत असतं. आणि सकाळी लोराझेपामच्या गुंगीत ज्याला वार सांगता येत नव्हता, तो संध्याकाळी आपल्या आजाराबद्दल तासभर नीट बोलू शकतो. हा बदल पाहायला संध्याकाळी तिथे फक्त परिचारिका असते. तिने तो लिहिला नाही, तर दुसऱ्या दिवशी राऊंडला सकाळचाच माणूस खरा मानला जातो.

नकाराच्या आतलं कारण

समजा, पस्तिशीतला एक पेशंट दाखल होऊन तीन दिवस झालेत आणि आज तो गोळी घ्यायला तयार नाही. वॉर्डाची सवय अशी की आधी ‘घ्या हो, डॉक्टरांनी सांगितलंय’, मग थोडा आवाज चढवून तेच, आणि मग मामांना हाक. या तिन्हींच्या आधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. का नको?

त्याचं उत्तर असं असू शकतं: “ही गोळी सुरू झाल्यापासून पाय एका जागी ठरत नाहीत. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की चालावंसं वाटतं. जीव नकोसा झालाय.” हा अकथिजिया आहे. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी तो होतो, नव्या औषधांनीही होतो. बाहेरून तो आजाराच्या अस्वस्थतेसारखा दिसतो. म्हणून डोस वाढवला जातो, आणि डोस वाढला की त्रासही वाढतो. अशा अवस्थेत माणूस जिवाचं बरंवाईट करून घेण्यापर्यंत जाऊ शकतो. इथे पेशंटचा नकार पूर्ण शहाणपणाचा आहे. परिचारिकेने त्याला दोन मिनिटं बसवून पाय पाहावेत, येरझारा कधी सुरू झाल्या ते विचारावं, आणि पुढचा डोस देण्याआधी ड्युटी डॉक्टरांना कळवावं.

उत्तर असंही असू शकतं की मागच्या वेळी वजन खूप वाढलं. किंवा पुरुष पेशंट नुसता ‘मला नाही चालत ती गोळी’ एवढंच म्हणून मान खाली घालेल. लग्न झालेला माणूस लैंगिक त्रासाबद्दल सिस्टरशी बोलणार नाही; अशा वेळी ब्रदरला त्याच्याशी एकट्याने बोलू द्यावं. कधी कारण फक्त एवढंच असतं की आज एकादशी आहे. मग गोळी फराळानंतर द्यावी, भांडण कशाला? रमजानमध्ये सहरी आणि इफ्तारच्या वेळा धरून डोस बसवता येतील का ते डॉक्टरांना आधी विचारावं. मात्र लिथियम चालू असेल तर दिवसभर पाणी न पिण्याचा धोका पेशंटला आणि घरच्यांना समजावून सांगणं आपलं काम आहे.

आणि कधी उत्तर येतं: “गोळीत विष आहे. भावाने डॉक्टरला पैसे चारलेत.” इथे आजार बोलतो आहे आणि या एका निर्णयापुरती क्षमता डळमळीत असू शकते. तरीही ती पारखण्याआधी माहिती त्याला समजेल अशा भाषेत दिली गेली होती का, हे पाहावं लागतं. कायद्यानेच साधी भाषा, खुणा, चित्रं यांची अपेक्षा केली आहे. मेळघाटातून आलेल्या कोरकू बोलणाऱ्या बाईला वॉर्डातल्या मराठीत माहिती सांगायची आणि ती गप्प राहिली म्हणून ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहायचं, हा तिच्यावर अन्याय आहे. दुभाषा शोधा. पण तिचं दहा वर्षांचं पोर किंवा शेजारच्या खाटेवरची पेशंट दुभाषी म्हणून वापरू नका.

केसपेपरवर काय लिहायचं? ‘पेशंट रिफ्यूज्ड मेडिसिन, अनकोऑपरेटिव्ह’ या ओळीतून पुढच्या ड्युटीला काहीही कळत नाही. त्याऐवजी पेशंटचे शब्द लिहा, वेळ लिहा, तुम्ही काय समजावलं, त्याने काय विचारलं आणि डॉक्टरांना कधी कळवलं ते लिहा. ‘पाय ठरत नाहीत म्हणतो, सायंकाळपासून येरझारा, ७.४० ला डॉक्टरांना कळवले’ ही एक ओळ पेशंटचा आठवडा वाचवू शकते.

चहातून दिलेलं औषध

ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. थकलेली आई हळू आवाजात म्हणते, “सिस्टर, तो गोळी घेतच नाही. ते पाण्यासारखं औषध असतं ना, चहात टाकून देऊ का?” अनेक घरांत ते आधीच सुरू असतं. या आईला आपण कायद्याचा धाक घालू नये. तिने रात्री-रात्री जागून काढलेल्या असतात, मार खाल्लेला असतो. पण तिला गोड वाटेल असं उत्तर देणंही बरोबर नाही.

माझं मत स्पष्ट आहे: लपवून औषध देणं ही सवय होता कामा नये, आणि वॉर्डात तर परिचारिकेने ते स्वतःच्या जबाबदारीवर कधीच करू नये. ज्या माणसाला आधीच वाटतं की जेवणात काहीतरी मिसळतात, त्याच्या जेवणात खरंच मिसळल्यावर त्याच्या भ्रमाला पुरावा मिळतो. आणि औषध मिसळलं जातंय हे त्याला एक दिवस कळतंच. मग तो चहा सोडतो, आईच्या हातचं सोडतो, घर सोडतो. शिवाय अर्धा कप चहा उरला तर डोस किती गेला हे सांगता येत नाही. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. मान आखडली, हात थरथरले, झोप अनावर झाली तर त्याला कारणच ठाऊक नसतं आणि त्या अवस्थेत तो मोटारसायकल चालवतो.

मग आईला काय सांगायचं? जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, दिवसातून एकदाच घ्यायची औषधं आहेत, पेशंट तयार असेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे. त्याला आवाज ऐकू येतात हे मान्य नसेल, पण झोप लागत नाही हे त्याला मान्य असतं. बोलणं तिथून सुरू होऊ शकतं. घरात सगळ्यांनी मिळून गोळी-गोळी करण्यापेक्षा ज्याचं तो ऐकतो अशा एकाने बोलावं, मग तो मामा असो की शाळेतला मित्र. आणि तो स्वतःच्या किंवा कुणाच्या जिवावर उठला असेल तर चहाची वाट न धरता त्याला रुग्णालयात आणावं. कलम ९४ नुसार तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने.

हा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, यावरूनही वॉर्डात घोळ होतो. ज्याने दाखल केलं तोच प्रतिनिधी असं नसतं. सज्ञान पेशंट आपला प्रतिनिधी स्वतः निवडू शकतो. नवऱ्याने आणलेली बाई बहिणीचं नाव सांगत असेल, तर ते नाव कागदावर चढलं पाहिजे. पेशंटने बरा असताना पुढच्या आजारपणासाठी लिहून ठेवलेलं आगाऊ निर्देशपत्र आहे का, हेही दाखल करतानाच विचारावं. तातडीच्या उपचाराला ते लागू होत नाही, पण त्यानंतर त्याला वजन आहे.

सहीचंही असंच आहे. सकाळी ईसीटीसाठी उपाशी ठेवलेला पेशंट ट्रॉलीवर बसताना विचारतो, “सिस्टर, मला कुठे नेताय?” संमतीपत्रावर काल त्याची सही झालेली आहे. तरीही तिथे थांबा. भूलतज्ज्ञ तयार आहेत, यादीत आणखी सहा जण आहेत, हे सगळं खरं. पण ज्याला कुठे जातोय हे ठाऊक नाही त्याची संमती उरलेली नाही. डॉक्टरांना बोलवा, त्याला पुन्हा सांगू द्या. बहुतेकदा पाच मिनिटांत प्रश्न सुटतो. ईसीटी हा चांगला उपचार आहे आणि गंभीर नैराश्यात तो जीव वाचवतो. म्हणूनच तो भीतीचा विषय होऊ नये. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी देण्यावर कलम ९५ ने बंदी घातली आहे, आणि तातडीचा उपचार म्हणूनही ईसीटी देता येत नाही.

बांधण्याआधी, बांधताना, सोडताना

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका आश्रमाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. ते साखळ्यांनी बांधलेले होते, म्हणून पळू शकले नाहीत. आजच्या कायद्यात साखळीला कोणत्याही रूपात जागा नाही. एकांत कोठडीवरही बंदी आहे. राहिलं ते शारीरिक बंधन, म्हणजे आपण ज्याला रेस्ट्रेन करणं म्हणतो ते. कलम ९७ ने त्याला घातलेल्या अटी पाठ असाव्यात. पेशंटला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होणार असेल आणि ती टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तरच. प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. गरज आहे तेवढाच वेळ. पद्धत, कारण आणि कालावधी यांची नोंद करून. २४ तासांच्या आत प्रतिनिधीला कळवून. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून तर नाहीच.

ही शेवटची अट वाचून रात्रपाळीच्या सिस्टरला राग येणं स्वाभाविक आहे. साठ पेशंट, एक सिस्टर, एक मावशी, आणि एक जण खिडकीची काच फोडायला निघालेला. कायदा लिहिणाऱ्याने इथे एक रात्र काढावी, असं तिला वाटेल. मला तो राग रास्त वाटतो. पण त्याचा रोख पेशंटकडे वळता कामा नये. माणसं कमी आहेत हे त्याच रात्री रिपोर्ट बुकात वेळेसह लिहा, आणि सकाळी परिसेविकेमार्फत अधिसेविकेला लेखी द्या. अशी पत्रं फाइलला लागत गेली की वरिष्ठांना ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणता येत नाही. तोंडी तक्रारींना मात्र कुठेच पुरावा उरत नाही.

बांधण्याची वेळ बऱ्याचदा तास-दोन तास आधी टाळता आलेली असते. आवाज चढतोय, मुठी वळतायत, येरझारा वाढल्यात, हे दिसताच जा. एकट्या सिस्टरने बोलावं, बाकीच्यांनी गप्प राहावं. चार जण चार बाजूंनी ‘शांत व्हा’ म्हणाले की कोणीच शांत होत नाही. हातभर लांब आणि थोडं बाजूला उभं राहा, दार त्याच्या आणि तुमच्या दोघांच्या वाटेत मोकळं राहू द्या. टीव्ही बंद करा, बघे हटवा. आणि विचारा: भूक लागली आहे का, लघवीला जायचंय का, कुठे दुखतंय का, घरून फोन आला होता का. तंबाखू किंवा विडी अचानक तुटलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडतो. त्याला निकोटिनचा पर्याय हवा असतो आणि आपण इंजेक्शन भरत असतो.

तरीही बांधावं लागलं, तर ते नीट करा. पुरेशी माणसं जमल्याशिवाय हात लावू नका. पालथं कधीही पाडू नका. छातीवर, मानेवर, पाठीवर भार देऊ नका, त्याने श्वास थांबून माणसं मेलेली आहेत. मऊ पट्टे वापरा आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा. गजाला बांधू नका. चाललंय ते त्याला सांगत राहा: कशासाठी बांधतोय, कधी सोडणार, काय झालं की सोडणार. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी, बोटांचा रंग आणि गारवा पाहा. पाणी द्या, भांडं द्या, अंगावर कपडा सरळ करा. इंजेक्शन दिलं असेल तर रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजा. ओलान्झापिन आणि लोराझेपाम ही दोन्ही इंजेक्शनं एकाच वेळी देण्याची ऑर्डर असेल, तर देण्याआधी डॉक्टरांना पुन्हा विचारा. त्या जोडीने श्वास आणि रक्तदाब धोक्यात येऊ शकतो.

सोडल्यावर त्याच्याशी बोला. दुसऱ्या दिवशी, शांतपणे. त्याला काय आठवतं, काय केलं असतं तर बांधावं लागलं नसतं, हे त्यालाच विचारा आणि ते उत्तर केसपेपरवर लिहा. पुढच्या वेळचा सगळ्यात चांगला उपाय तोच सांगतो. आणि ज्यांनी हे पाहिलं, त्या बाकीच्या पेशंटनाही दोन शब्द सांगा. त्या रात्री तेही झोपलेले नसतात.

मनोविकाराच्या नावाखाली शरीर विसरू नये

एखाद्याच्या केसपेपरवर स्किझोफ्रेनिया लिहिलं की त्याचं पोटदुखीचं बोलणंही ‘कम्प्लेंट करत असतो’ या सदरात जातं. यात क्लिनिकल चूक आणि नैतिक चूक एकच आहे. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या पेशंटचा ईसीजी तो मनोरुग्ण आहे म्हणून उशिरा निघता कामा नये.

लिथियमवरचा पेशंट उलट्या-जुलाब सांगतो, हात जास्त थरथरतात, चालताना झोक जातो: पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवा आणि रक्तातली पातळी तपासायला सांगा. ती साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान असावी, १.५ च्या वर विषबाधेचा धोका. विदर्भातल्या मे महिन्यात घाम आणि कमी पाणी यांनी ती चढते. अंगदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेननेही चढते. क्लोझापिनवरच्या पेशंटला ताप आणि घसादुखी असेल तर आधी पांढऱ्या पेशींची तपासणी. आणि त्याच्या शौचाची रोज चौकशी, कारण या औषधाने होणारा बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतो. सायकियाट्रिक औषधं चालू असताना ताप आणि अंग लाकडासारखं ताठ, हे दोन्ही एकत्र दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

सत्तरीच्या आजी काल संध्याकाळपासून अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, मध्येच नीट बोलतात. हा मनोविकार असण्यापेक्षा डिलिरियम असण्याची शक्यता जास्त. साखर, ताप, ऑक्सिजन, लघवी, सोडियम हे आधी पाहावं. दारू सोडून दोन-तीन दिवस झालेल्या, थरथरणाऱ्या, घामाघूम माणसाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन दिलं का, हे विचारायला परिचारिकेने संकोच करू नये.

“सिस्टर, कोणाला सांगू नका”

हे वाक्य ऐकलं की ‘नाही सांगणार’ असं तोंडातून सहज निघतं. ते आवरा. आधी सांगा: “तुमच्या जिवाला किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल. बाकी तुमच्या उपचारापलीकडे जाणार नाही.” एवढं सांगूनही पेशंट बोलतात. उलट, सरळ सांगणाऱ्या सिस्टरवर जास्त विश्वास ठेवतात. कलम २३ ने गोपनीयता हा हक्क दिला आहे आणि अपवाद मोजके ठेवले आहेत. त्यांतही आवश्यक तेवढीच माहिती द्यायची असते. अठरा वर्षांखालच्या मुलीने अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पोक्सो कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे. मुलीला न सांगता, तिच्या पाठीमागे ते करू नका.

आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. ‘जिवाचं काही करणार नाही’ असं पेशंटकडून लिहून घेण्याची पद्धत अजून कुठे-कुठे आहे. त्या कागदाने कोणी वाचत नाही, फक्त आपल्याला बरं वाटतं. ओढणी, नाडी, ब्लेड काढून घेताना कारण सांगून घ्या. लक्ष ठेवायला बसवलेल्या माणसाने मोबाईलमध्ये न पाहता पेशंटशी बोलावं. आणि त्याला किंवा नातेवाइकांना पोलिसांची भीती वाटत असेल तर सांगा की कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं.

गोपनीयतेची खरी परीक्षा वॉर्डाच्या फोनवर होते. “आमच्या भाच्याला त्या मुलीचं स्थळ आलंय. ती तुमच्याकडे अ‍ॅडमिट होती म्हणतात, खरं का?” ‘हो’ म्हटलं की लग्न मोडतं. ‘नाही’ म्हटलं तर पुढच्या वेळी, दुसऱ्या नावावर गप्प राहणं म्हणजेच ‘हो’ ठरतं. म्हणून प्रत्येक नावाला, प्रत्येक वेळी एकच उत्तर: “इथे कोण होतं किंवा नव्हतं हे आम्ही कोणालाच सांगत नाही.” मावशी आणि मामांनाही हेच शिकवा, कारण फोन बऱ्याचदा तेच उचलतात. वॉर्डातल्या गणपतीच्या आरतीचा, रांगोळीचा फोटो काढताना मागे एकही पेशंटचा चेहरा येऊ देऊ नका, मग तो ग्रुप कितीही घरचा असो.

रोजच्या साध्या गोष्टींतही हेच हक्क आहेत. उवा झाल्या म्हणून बायकांची डोकी भादरण्याची रीत जुनी आहे. कलम २० नुसार सक्तीने केस कापता येत नाहीत. पर्मेथ्रिनचं लोशन, बारीक फणी आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच, यात वेळ जातो हे खरं, पण त्या बाईचे केस तिचे आहेत. पाळीच्या दिवसांत पॅड मागायला लागू नयेत, ते हाताशी असावेत. ज्याला स्वतःचे कपडे घालायचे आहेत त्याला घालू द्यावेत. पेशंटकडून वॉर्डाची झाडलोट सक्तीने करून घेऊ नये, आणि कोणी काम केलंच तर त्याला मोबदला मिळाला पाहिजे.

डॉक्टरांशी मतभेद झाला तर

तो होणार. स्वतःहून दाखल झालेली बाई रात्री नऊला घरी जायचं म्हणते, आणि फोनवर सांगितलं जातं, “दार उघडू नका, सकाळी बघू.” स्वतःहून दाखल झालेल्या पेशंटने मागितल्यावर डिस्चार्ज द्यावा लागतो. स्वतःला किंवा इतरांना धोका आहे, किंवा तिला स्वतःची काळजी घेता येत नाही, असं वाटत असेल तर मूल्यमापनासाठी २४ तास थांबवता येतं. पण त्यासाठी कुणीतरी तसं मत बनवून लिहावं लागतं, नुसतं कुलूप पुरत नाही. अशा वेळी वाद न घालता जे दिसतंय ते क्रमाने सांगा: “पेशंट स्वतःहून दाखल आहे. आता शांत आहे, आत्महत्येचा विचार नाही म्हणते, बाहेर तिची बहीण थांबली आहे. थांबवायचं असेल तर कारण लिहायला आपल्याला यावं लागेल. मी ९.१० ला कळवलं अशी नोंद करते आहे.” या सुरात उद्धटपणा नाही आणि जबाबदारीही झटकलेली नाही. बहुतेक डॉक्टर येतात. नाही आले तर परिसेविका, अधिसेविका, वैद्यकीय अधीक्षक, या क्रमाने त्याच रात्री फोन करा.

पेशंटलाही आपल्याबद्दल तक्रार असू शकते. ती ऐकून घेणं जड जातं, पण तो त्याचा हक्क आहे. मोफत कायदेशीर मदत आहे हे त्याला दाखल होतानाच सांगायला हवं. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करायला त्याला फी पडत नाही. त्याने कागद-पेन मागितलं तर लगेच द्या. लिहिता येत नसेल तर तो सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, त्याला वाचून दाखवा, त्याचा अंगठा किंवा सही घ्या आणि अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवल्याची तारीख केसपेपरवर टाका. तक्रार तुमच्याच ड्युटीबद्दल असेल, तर लिहून घ्यायला दुसऱ्या सिस्टरला बसवा.